मुठीच्या तांदळाची पेज

सहा महिन्यांच्या बाळांना पुरी-श्रीखंड खाऊ घालायला निघालेला माणूस मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटचाच. छगनभाऊ, बाजारात किराण्याचं दुकान. वडिलांचं वर्षश्राद्ध होतं आणि कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की अनाथ लेकरांना जेवू घाला, पुण्य लागतं. तर हे गृहस्थ दोन मोठे डबे, केळीची पानं आणि एक फोटोवाला घेऊन भर दुपारी आमच्या शिशुगृहाच्या दारात उभे. मी म्हटलं, "भाऊ, आमच्याकडच्या बाळांना अजून दात नाहीत."

त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मंग दात आलेले काढा ना बाहेर."

मी चिडले. मी लवकर चिडते हे या शहरात सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. त्या दिवशी पुरी-श्रीखंड आमच्या आयाबायांनी खाल्लं, पानावर त्याच बसल्या, फोटोतही त्याच आल्या. निघताना मी छगनभाऊंना म्हटलं, "एवढा खर्च एका दिवसात करण्यापेक्षा दर महिन्याला थोडं थोडं द्या. दुधाची पावडर द्या, साबण द्या." त्यावर ते जे बोलले ते मी माझ्या नोकरीभर विसरले नाही. म्हणाले, "थोडं थोडं देल्लं तं दिसत नाही ना, ताई!"

खरं होतं ते. माझी सगळी नोकरी त्या न दिसणाऱ्या देण्यावर चालली, म्हणून हा लेखही त्याच्यावरच.

शिशुगृह म्हणजे काय, हे अजूनही खूप जणांना कळत नाही. माझ्या सख्ख्या नणंदेला मी निवृत्त होईपर्यंत वाटायचं की मी बालवाडी चालवते. तर सांगते. जन्मतःच कुणी सोडून दिलेलं, दवाखान्यात ठेवून गेलेलं, किंवा आईनेच रडत रडत रीतसर स्वाधीन केलेलं बाळ आमच्याकडे येतं. आधी पोलीस, मग बालकल्याण समिती. समिती म्हणजे जिल्ह्यातल्या चार-पाच माणसांचं एक मंडळ. लेकराचं काय करायचं ते तेच ठरवतात. मग आई-बापाचा शोध, पेपरात जाहिरात. कुणीच आलं नाही तर समिती सांगते की हे मूल आता दत्तक द्यायला मोकळं. त्यानंतर त्याचं नाव देशभरच्या यादीत चढतं आणि कुठल्या तरी गावचं जोडपं, जे कितीतरी दिवस डोळे लावून बसलेलं असतं, ते त्याला न्यायला येतं. नेल्यावरही लगेच पक्कं होत नाही. कलेक्टर कचेरीतून आदेश निघेपर्यंत मूल त्यांच्या घरी असतं, पण कागदावर त्यांचं नसतं.

हे सगळं होईस्तोवर ते बाळ रोज खातं, रोज कपडे ओले करतं, आणि नेमकं सुटीच्या दिवशी तापाने फणफणतं. सरकारी अनुदान असतं, नाही असं नाही, पण ते आपल्या चालीने येतं. बाळाला काही मार्च-एप्रिल कळत नाही. आणि लोकांचं देणं म्हणाल तर पंधरा ऑगस्ट, दिवाळी आणि साहेबांचा वाढदिवस. एका हिवाळ्यात आमच्याकडे इतकी कांबळी आली की बाळं कुठे आहेत ते शोधावं लागत होतं, आणि त्याच आठवड्यात लस द्यायला न्यायचं तर ऑटोला पैसे नव्हते. विजेच्या बिलाशेजारी उभं राहून फोटो काढायला कुणी येत नाही हो.

अशा वेळी आमच्याकडे मूठ आली. ती मी सुरू केली नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या निरोपाच्या समारंभात एका वक्त्याने ते श्रेय मला देऊन टाकलं आणि मला माईक हिसकावून घ्यावा लागला. मूठ सुरू केली सुमनबाईंनी.

सुमनबाई आमच्या शिशुगृहापासून दोन गल्ल्या पलीकडे, बुद्धविहारामागच्या वस्तीत राहतात. माहेर भंडाऱ्याकडचं, नवरा गवंडीकाम करायचा, पोरी लग्न होऊन गेलेल्या. त्या वस्तीत बायकांची जुनी रीत होती. भाताला तांदूळ काढला की धुण्याआधी त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची, महिनाअखेरी तो डबा विहारात न्यायचा. सुमनबाई एकदा आमच्याकडे आयाच्या बदलीवर आल्या, महिनाभर राहिल्या, आणि इथली कोठी रिकामी होताना त्यांनी पाहिली. परत गेल्या आणि बायकांच्या बैठकीत म्हणाल्या, "एक मूठ विहाराले, अन् एक मूठ लेकराईले. एका मुठीनं आपल्या घरचा भात का कमी पडते का बाप्पा?"

कुणाचाच कमी पडला नाही. वस्तीतून ते शेजारच्या वॉर्डात गेलं, तिथून आमच्या मराठी कॉलनीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी स्कूटीवर निघायची आणि घराघरातले डबे पोत्यात रिकामे करायची. कुणी चांगलं शेरभर द्यायचं, कुणी कपभर. देणाऱ्याला ते देऊन टाकल्यासारखं वाटतच नसे, इतकं ते सवयीचं झालं होतं. कुणी गावाला गेलं तर शेजारणीला सांगून जायचं, "माही मूठ टाकजो वं."

पण त्यात एक घोळ होता. आपला जिल्हा भाताचा. इथे प्रत्येक घराचा तांदूळ वेगळा. कुणाकडे रेशनचा जाडा, कुणाकडे उसना म्हणजे उकडा, कुणाकडे खैरलांजीच्या शेतातला घरचा, एखाद्या घरी सणाचा उरलेला सुवासिक चिन्नोर. हे सगळं एका कोठीत पडलं की ते एकसारखं शिजतच नाही. एक दाणा विरघळून जातो, दुसरा टणक तो टणकच. आमच्या स्वयंपाकाच्या कौसल्याबाई रोज बोंबलायच्या, "ताई, हा तांदूळ नाही, हे वरात हाय! कोनी पुढं गेला, कोनी मांगंच राह्यला!" मोकळा भात त्याचा कधी झालाच नाही. मग एकच उपाय, पेज. भरपूर पाणी घालायचं, सावकाश शिजवायचं, पळीने ठेचायचं, मीठ टाकायचं. आमच्याकडून देशभर गेलेली सगळी लेकरं त्या पेजेवर अंग धरून गेली आहेत.

काही लेकरं मात्र संस्थेत अंग धरतच नाहीत. पाळण्यांची रांग, पाळीपाळीने बदलणाऱ्या आया, कितीही जीव लावला तरी ते घर नव्हे. अशा लेकराला समितीच्या आदेशाने काही काळ एखाद्या घरी ठेवतात. दत्तक नव्हे, सांभाळायला. त्या घराला वरखर्चाला थोडं द्यावं लागतं, औषधपाणी द्यावं लागतं, आणि आम्ही आमच्या कोठीतला मुठीचा तांदूळही द्यायचो. सांभाळणारी आई ही आमच्या धंद्यातली सगळ्यात अवघड नोकरी आहे. जीव लावायचा, आणि ज्या दिवशी तो पुरता लागला त्या दिवशी मूल दुसऱ्याच्या कडेवर द्यायचं. सुमनबाईंनी ती नोकरी कितीदा केली ते त्यांनाच ठाऊक.

आता ठमीचं सांगते. हे तिचं खरं नाव नाही, खरं मी सांगणार नाही.

ठमी लामता गावाकडून आली, अगदी जन्मल्या जन्मल्या. पाय मारायची, हसायची, सगळ्यांची लाडकी. ती दीड वर्षाची असताना एका मोठ्या शहरातलं जोडपं तिला घेऊन गेलं. आम्ही साखर वाटली. आणि महिना होतो न होतो तोच ते तिला परत घेऊन आले. माणसं वाईट नव्हती. रडते, खात नाही, आम्हाला जमत नाही, आमच्या घरात हिचा जीवच रमत नाही, असं म्हणाले. कागदावर अजून पक्कं झालेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना परत देता आलं. बाईच्या हातात ठमीचं खेळणं होतं, ते टेबलावर ठेवून ती माझ्याकडे न बघता निघून गेली.

परत आलेलं मूल वेगळं असतं. ठमी रडायची थांबली. हाक मारली तरी मान वर करायची नाही. तोंडाशी चमचा नेला की ओठ घट्ट. आमच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "औषध नाही याला. हिला एखाद्या घरात ठेवा."

सुमनबाई तिला घेऊन गेल्या. मी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बघायला गेले तर सुमनबाई जमिनीवर बसून पेज खात होत्या आणि ठमी कोपऱ्यात. मी म्हटलं, "अहो, तिला भरवा ना!"

"भरवून पाह्यलं नं तुमी सगळ्याईनं," त्या म्हणाल्या. "आता मले जेवू द्या."

मला राग आला होता, पण मी बसून राहिले. त्या आपल्या वाटीतून खात राहिल्या, ठमीकडे बघितलंसुद्धा नाही. असं किती दिवस चाललं कोण जाणे. एका सकाळी निरोप आला, पोट्टीनं माह्या वाटीत हात घातला. मी तशीच, ओल्या केसांनी, स्कूटी काढली. ठमी कोपरापर्यंत पेजेने माखलेली होती आणि सुमनबाई रागावल्याचं सोंग करत होत्या, "पाहा नं ताई, माही सारी पेज सांडवून राह्यली हे!"

त्या दिवशी मी देवाचे आभार मानले आणि ज्या ज्या घरात तांदळाचा डबा होता त्या घरांचेही मानले. अगदी मनापासून.

ठमी तिथे फुलली. चालायला लागली, बोलायला लागली, तेही सुमनबाईंच्याच बोलीत. "मले नोको", "हे माह्यं हाय". आणि मग सातारचं जोडपं आलं. वर्षाताई शाळेत शिकवणाऱ्या, त्यांचे यजमान पाटबंधाऱ्याच्या कचेरीत. साधी, घाबरलेली माणसं. सुमनबाईंच्या घरी त्यांना भेटवलं. सुमनबाईंनी चहा दिला, पोरीला त्यांच्यासमोर सोडलं, आणि सरळ विचारलं, "परत तं नाही ना आनसान हिले?"

वर्षाताईंचा चेहरा पडला. यजमान म्हणाले, "नाही हो, आई." ते 'आई' म्हणाले म्हणून सुमनबाईंनी होकार दिला असं माझं आजही मत आहे.

खरं सांगायचं तर होकार-नकार त्यांच्या हातात नव्हताच. ठमीला त्यांना कायमची ठेवता येत नव्हती. वय झालेलं, नवऱ्याला दम्याचा त्रास, आणि नियमच असा, मूल सांभाळायचं, ठेवून घ्यायचं नाही. त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. म्हणून त्यांनी पोरीची पाठवणी लेकीसारखी केली. नवा फ्रॉक, काजळ, आणि पिशवीभर चिन्नोर. आपल्याकडे लेक सासरी निघाली की सोबत चिन्नोर देतात, नुसता उकळायला लागला की घरभर वास सुटतो. सुमनबाईंनी रामपायलीच्या पावण्यांकडून खास नवा मागवला होता. वर्षाताईंच्या हाती देऊन म्हणाल्या, "हाच खाऊ घालजा. चांगल्यातला हाय."

आठवडा झाला नसेल, वर्षाताईंचा फोन. आधी नुसतं रडणं. मग म्हणाल्या, "ताई, ती काहीच खात नाही. दोन घोट दूध, बस्स. कोपऱ्यात बसते. डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे. आम्ही सगळं करून पाहिलं हो."

मी धीर दिला. होतं असं, वेळ लागतो, नवी जागा आहे. दोन दिवसांनी यजमानांचा फोन आला. फार शांतपणे बोलत होते आणि त्या शांतपणाचीच मला भीती वाटली. "ताई, आमचा हट्ट तिच्या जिवावर नको. ती तिकडेच खूश असेल, तर..."

ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मला पुरं ऐकू आलं. ठमी एकदा परत आली होती तेव्हा सुमनबाईंनी तिला कुठल्या कुठून वर काढलं होतं. दुसऱ्यांदा परत आली असती तर मान वर करायला तिच्यात काय उरलं असतं? आणि दोनदा परत आलेल्या मुलीला तिसऱ्यांदा कोण नेणार? लोक फाईल उघडतात, वाचतात आणि पुढच्या मुलाकडे वळतात. माझ्या हाताखाली अशी दोन-तीन लेकरं संस्थेतच मोठी झाली आहेत. त्यांची लग्नंही आम्ही लावली, सगळं केलं, पण 'माझी आई' म्हणून त्यांना कुणाकडे बोट दाखवता आलं नाही. ते मला आजही लागतं.

मी उठले आणि सुमनबाईंच्या घरी गेले. त्या डबा धूत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न, "खाऊ का घालून राह्यल्या थे तिले?"

काय खाऊ घालता ते विचारायला मी तिथूनच फोन लावला. वर्षाताई म्हणाल्या, "त्यांनी दिलेलाच तांदूळ. मऊ भात करते, तूप घालते. रोज."

सुमनबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अवं माय! घोटाळा मीच केला वं! त्या पोट्टीनं चिन्नोर कधी खाल्ला? माह्या घरी तं मुठीचाच तांदूळ. तिले थोच ठाऊक. तिकडं नवं घर, नवी मानसं, अन् भाताचाबी वास नवा. आपलं म्हनून तोंडात घालाव असं का हाय तिच्यापाशी?"

मी थक्क झाले. इतक्या वर्षांत आम्ही मुलाबरोबर फाईल पाठवत होतो, लसींचं कार्ड, आवडतं खेळणं. पेजेचा तांदूळ पाठवायचं मला सुचलं नव्हतं, आणि सुमनबाईंनी तर मायेपोटी त्याच्याहून चांगला पाठवला होता. आपल्या मुलखात तीच चूक होणार. लेक निघाली की घरातला रोजचा तांदूळ कोण हो बांधून देतं?

मी म्हटलं, "कुरिअर करते."

"तांदूळ जाईन. शिजवन कोन? तुमी चाला, मीबी येतो."

कोठी तेव्हा रिकामी होती, महिना सरत आला होता. सुमनबाई पिशवी घेऊन घरोघर फिरल्या. मी सोबत. पहिल्या रविवारच्या आधी त्यांना दारात पाहून बायका विचारायच्या, "काहून वं सुमन, आज कशी?" त्या एवढंच म्हणायच्या, "ठमी जेवून नाही राह्यली." पुढचं कुणी विचारलं नाही. डब्यातलं होतं ते दिलंच, वर घरातल्या पिंपातून ओंजळ भरून घातली. एका म्हातारीने तर पोरीची मीठमोहरीने दृष्ट काढून मगच पिशवीत मूठ टाकली, पोरगी तिकडे साताऱ्याला असताना.

समितीच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "असं कुठे लिहिलेलं नाही, पण जाऊ नका असंही लिहिलेलं नाही." आता राहिला तिकिटांचा प्रश्न. इथे मला महिन्याच्या देणगीचं मोल खरं कळलं. कांबळ्यांसाठी आलेल्या पैशातून कांबळीच घ्यावी लागतात. पण दर महिन्याला नेमाने जे लोक थोडं थोडं देत होते, ते हे कशाला म्हणून विचारत नव्हते. आणि त्या लोकांमध्ये, सांगायला मला फार आनंद होतो, छगनभाऊही होते! पुरी-श्रीखंडाच्या प्रकरणानंतर दोन महिन्यांनी ते कुरकुरत आले होते आणि तेव्हापासून एकही महिना चुकले नव्हते. फोटोवाला कधी आणला नाही. मीच त्यांना सांगायला गेले, की भाऊ, तुमच्यासारख्यांच्या पैशातून आम्ही दोघी एका मुलीला जेवू घालायला साताऱ्याला चाललो आहोत.

त्यांनी काट्यावरची साखर तशीच ठेवली. म्हणाले, "दात आले ना हो आता तिले?"

मी हसले आणि तिथेच दुकानात रडलेही. त्यांनी प्रवासाला शेंगदाणे आणि गूळ बांधून दिला.

गोंदियाला गाडी धरली. सुमनबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, वर ठेवू देईनात. "कोनी बदलून घेतली तं?" म्हणे. मुठीचा तांदूळ कोण चोरणार! मी त्यांना तसं म्हटलं, तर माझ्यावरच रागावल्या.

साताऱ्याला वर्षाताईंच्या घरी पोचलो तेव्हा ठमी बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात बसलेली होती. चेहरा एवढासा झालेला. मला वाटलं, सुमनबाईंना बघताच धावत येईल. तिने पाहिलं, ओळखलं, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. रुसली होती पोर. तूच मला पाठवून दिलंस, असं त्या पाठमोऱ्या मानेत स्पष्ट दिसत होतं.

सुमनबाईंनी ते पाहिलं. पण त्या तिच्याजवळ गेल्या नाहीत. पदर खोचला आणि वर्षाताईंना म्हणाल्या, "चाला, स्वयंपाकखोली दाखवा."

आत त्यांनी स्वतः काहीच केलं नाही, सगळं वर्षाताईंच्या हातून करवून घेतलं. वर्षाताई नीट काम करणारी बाई, सारखी दाणा दाबून बघायची. "आई, हे कच्चे राहिलेत अजून. आणखी शिजवू का?"

"राहू द्या. हे सारे सारखे नाही शिजत. ठेचा पळीनं. मीठ घाला. बस."

पेज झाली. वाटी भरली. ती घेऊन मी बाहेर निघाले तर सुमनबाईंनी मला अडवलं. वाटी वर्षाताईंच्या हातात दिली. "तुमी जा. तिच्यासमोर खाली बसा अन् तुमीच खा. तिले पाहू नोका, बलावू नोका. भूक लागल्यावानी खा."

"आणि तुम्ही?"

"मी इथंच हाय."

वर्षाताई कोपऱ्याजवळ फरशीवर बसल्या.  आपल्या घरच्या तुपाभाताची चव माहीत असलेली ती बाई, ती सरमिसळ तांदळाची, मिठाची पेज गटागटा खाऊ लागली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, तेही वाटीत पडत असेल. यजमान दाराशी उभे. मी स्वयंपाकखोलीच्या उंबऱ्यावर, आणि सुमनबाई माझ्या मागे, पदराचा बोळा तोंडात धरून.

आधी मान वळली. मग ठमी बसल्या बसल्या थोडी सरकली, आणखी थोडी. वाटीत डोकावली. मग तिने हात घातला.

"माह्यी हाय थे," ठमी म्हणाली.

"हो गं बाई, तुझीच आहे," वर्षाताई म्हणाल्या आणि वाटी खाली ठेवून दिली.

पोर त्या पेजेवर तुटून पडली. दुसरी वाटी मागितली, ती वर्षाताईंच्या मांडीवर बसून खाल्ली. आता हे नुसत्या तांदळानेच झालं असं मी म्हणत नाही. आमचे डॉक्टर म्हणायचे, मूल दुःख करत असतं आणि त्याला ते करू द्यावं लागतं. असेलही. पण मी जे पाहिलं ते पाहिलं.

सुमनबाई बाहेर आल्याच नाहीत. मी म्हटलं, "एकदा घ्या ना तिला जवळ." तर म्हणाल्या, "आता नोको. आता थे वर्षाताईच्या वाटीत जेवली. मी घेतली तं पुन्हा सारं उसवन." ठमीच शेवटी आत आली, त्यांच्या लुगड्याला पेजेचे हात पुसले आणि परत बाहेर पळाली. तेवढंच. ते लुगडं सुमनबाईंनी निघताना बदललं आणि न धुताच घडी करून पिशवीत ठेवलं.

निघताना वर्षाताई घाबरून म्हणाल्या, "हा तांदूळ संपला तर?"

सुमनबाईंना प्रश्नच कळला नाही. "तुमच्या बिल्डिंगीत घरं हायेत ना? मांगा एकएक मूठ."

वर्षाताईंनी मला नंतर सांगितलं की त्या चार दिवस जिना चढत-उतरत होत्या, कुणाच्या दारावरची बेल दाबायची हिंमत होईना. शिक्षिका बाई, तांदूळ कसा मागायचा? मग एक दिवस ठमीला कडेवर घेऊनच पहिली बेल दाबली.

पुढे कलेक्टर कचेरीचा आदेश निघाला. मी निवृत्त झाले. छगनभाऊ अजून देतात, आता त्यांच्या सुनेच्या हातून. मूठही चालू आहे, जरा कमी झाली आहे, नव्या कॉलनीतल्या पोरींना समजावून सांगावं लागतं, तेही हिंदीतून. माझ्या स्कूटीवर आता दुसरी बाई फिरते.

यंदा गणपतीनंतर सातारची मंडळी बालाघाटला आली आणि मी त्यांना सुमनबाईंच्या घरी घेऊन गेले. ठमी आता शाळेत जाते, दोन वेण्या, तोंडाची टकळी, आणि बोली पक्की सातारची. तिला सगळं सांगितलेलं आहे, कुठून आली ते, कोणी सांभाळली ते. पण आठवत काहीच नाही. सुमनबाई थकल्या आहेत, नवरा गेला, डोळ्यांत मोतीबिंदू. ठमीने वाकून नमस्कार केला तर तिचा चेहरा हाताने चाचपून म्हणाल्या, "केवढी झाली वं पोट्टी!" आणि ती बिचारी लाजून आईच्या मागे गेली. मला वाईट वाटलं. काय अपेक्षा होती माझी, देव जाणे.

वर्षाताईंनी एक पिशवी काढली. त्यांच्या बिल्डिंगीतला मुठीचा तांदूळ. तिथे तो दर महिन्याला जमतो आणि गावातल्या शिशुगृहात जातो. त्यातलाच थोडा आजींसाठी आणलेला. सुमनबाईंनी मुठीत घेऊन दाणे बोटांनी ओळखायचा प्रयत्न केला, हसल्या, म्हणाल्या, "चाल, पेज टाकू."

पातेल्यात पाणी ठेवलं. मी तांदूळ मापून ताटात काढला आणि धुवायला घेणार, तेवढ्यात ठमी ओरडली, "थांबा, थांबा!"

ती पुढे आली. ताटात हात घातला, मूठ भरून घेतली, आणि ती तशीच बंद धरून इकडे तिकडे बघत विचारलं, "आजी, तुमचा मुठीचा डबा कुठंय?"

सुमनबाई भिंतीला धरून उठायला लागल्या. मग मीच दाखवला. चुलीमागच्या फळीवर, ठमी तिथे राहत होती तेव्हा होता तिथेच.